आईकडं खुर्ची वळवून बसलेल्या डॉक्टरांना

नमस्कार डॉक्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही असं वाटतं. पीजी संपवून तुम्ही गदगकडं गेलात एवढंच कळलं, नंबर कुणी देईना, म्हणून उघडंच लिहितोय. खानापूरकडची म्हातारी, छातीचा (स्तनाचा) कॅन्सर हाडात परत आलेला, सोबत बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला काम करणारा पोरगा, एवढ्यावरून ओळखाल.

तुमच्याआधी ज्या मोठ्या डॉक्टरांकडं जायचो तिथं आईला कुणी काही सांगितलंच नाही. फाइल चाळायची, माझ्याकडं बघून इंग्लिशमध्ये दोन वाक्यं टाकायची आणि आई मधे काही बोलली की "आज्जी, टेन्शन घेऊ नका". अहो टेन्शन तिनं नाही तर कुणी घ्यायचं, रोग तिला झालाय! पाल्बोसिक्लिब ही कॅन्सरची गोळी 21 दिवस घ्यायची आणि 7 दिवस बंद, असं का, हे मी विचारलं तर म्हणे प्रोटोकॉल आहे. आता हे घरी जाऊन आईला काय सांगू? सुट्टीच्या आठवड्यात ती झोपायचीच नाही, तिला वाटायचं औषध बंद म्हणजे रोग मोकळा सुटला.

तुम्ही काय केलं, तर मी प्रश्न विचारायला लागलो तेव्हा मला हातानं थांबवलं, उठलात, आणि खुर्ची उचलून तिचं माझ्याकडचं तोंड आईकडं वळवून बसलात. बास, एवढंच. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. "अम्मा, तुमी विचारा." तुमचं मराठी मोडकं, आईचं कन्नड संतीबाजारात भाजी विकून शिकलेलं, अर्धं हे अर्धं ते असं बोलणं चाललं, बाहेर लाइन लागलेली, पण तुम्ही घड्याळाकडं बघितलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या डोळ्यात बघून तिच्या अंगात काय चाललंय ते तिला सांगत होतं.

तुम्ही सांगितलं की पेशी वाटेल तेव्हा दोन होत नाही, आधी वाढायचं, मग डीएनएची कॉपी काढायची, मग तपासायचं, मग विभागायचं, हा क्रम ठरलेला आणि मधे थांबवून बघणाऱ्या जागा आहेत. तर आई म्हणाली, "म्हंजे कोगनोळीच्या नाक्यागत की हो!" कोविडात कोल्हापूरच्या मावशीकडून येताना त्या हद्दीवरच्या नाक्यावर रिपोर्ट बघितल्याशिवाय गाडी पुढं सोडत नव्हते, ते तिच्या डोक्यात. तुम्ही हसलात आणि तिचाच नाका धरून पुढं गेलात, हे मला फार आवडलं. पहिल्या नाक्यावर आरबी नावाचं प्रोटीन पोलिसासारखं उभं असतं, कॉपी काढायच्या रस्त्याला गाडी सोडत नाही. सायक्लिन डी आणि सीडीके 4, 6 ही दुसरी प्रोटीनं जोडीनं येऊन त्याला बाजूला सारतात, मग गाडी सुटते. आईच्या कॅन्सरात ही जोडी कायम जोरात असते. पाल्बोसिक्लिब त्या सीडीकेचे हात बांधतं, पोलिस जागेवर राहतो, पेशी तिथंच अडकते. पुढच्या नाक्यावर कॉपी पूर्ण झाली का, डीएनए कुठं तुटलाय का ते बघतात, आणि शेवटच्यावर प्रत्येक क्रोमोसोमची जोडी दोन्ही बाजूच्या दोऱ्यांना लागली का ते. एक जरी सुटी राहिली तरी सगळं थांबतं. आई म्हणाली, एवढी शिस्त माणसात न्हाई.

मग सुट्टीचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हाडातल्या मज्जेत बनतात, त्यांनाही हाच नाका ओलांडायचा असतो, गोळी त्यांनाही अडवते म्हणून काउंट पडतो. पण बहुतेक पेशी मरत नाहीत, थांबून बसतात, गोळी थांबली की परत उठून कामाला लागतात, म्हणून ते 7 दिवस. आणि लेट्रोझोल ही दुसरी गोळी त्या आठवड्यातही चालूच असते, ती इस्ट्रोजन हे हार्मोनच बनू देत नाही आणि इस्ट्रोजन नसलं की सायक्लिन डीला जोर मिळत नाही. म्हणजे रोग मोकळा नाही. त्या महिन्यापासून आई सुट्टीच्या आठवड्यात झोपते. खरंच झोपते, घोरते.

नंतर मी पण वाचत बसलो. टिम हंट या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये सी अर्चिन या समुद्रातल्या काटेरी प्राण्याच्या अंड्यात एक प्रोटीन बघितलं, प्रत्येक विभाजनाआधी साठत जायचं आणि विभाजनाच्या वेळी एकदम गायब, तेच सायक्लिन. हार्टवेल यांनी पावाच्या यीस्टमध्ये हा क्रम चालवणारे जीन शोधले. पॉल नर्स यांच्या लॅबनं 1987 मध्ये असा जीन बिघडलेल्या दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये माणसाचा जीन घातला तर ते यीस्ट विभागायला लागलं! तिघांना 2001 चं नोबेल. आईला सांगितलं तर म्हणाली, पावाचं आणि माझं एकच यंत्र काय, बरं झालं.

आमच्या भागात भाषेवरून काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, बस अडवतात, पाट्यांना काळं फासतात, आणि एक गदगचा पोरगा मोडक्या मराठीत म्हातारीला तासभर तिचा आजार समजावतो. असली माणसं जास्त आहेत, फक्त ती ओरडत नाहीत म्हणून दिसत नाहीत असं माझं मत. चुकीचं असंल तर असू दे.

आता ब्लड टेस्टला गेलो की आईच लॅबवाल्याला विचारते, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींतला एक प्रकार) किती. तो माझ्याकडं बघतो, मी म्हणतो तिलाच सांगा.

आणि डॉक्टर, तिचा एक प्रश्न राहिलाय. कुणीतरी तिला सांगितलंय की काही वर्षांनी हे औषध चालेनासं होतं. ती विचारूलीय, नाक्यावरचा पोलिसच गायब झाला तर मग जोडीचे हात बांधून काय उपयोग, तेव्हा दुसरं औषध कुठं अडवतं? उत्तर कन्नडात लिहिलं तरी चालंल, नातू शाळेत कन्नड शिकतोय, तो वाचून दाखवंल.