बाप हयात असताना 'अनाथ'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी विद्यार्थ्यांच्या मिशन दौऱ्यावरचा, म्हणजे चर्चतर्फे धर्मप्रचार आणि सेवेसाठी परदेशी जाण्यावरचा, लेख वाचला. मुलांनी चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्या धुतल्या, घरचे केक विकले, मामा-मावश्यांना पत्रं धाडली आणि केनियाला जायला माणशी काही हजार डॉलर उभे केले, याचं आपल्या लेखकाला भारी अप्रूप. असू द्या. अंगमेहनतीची लाज न बाळगणारी पोरं मलाही आवडतात. पण अख्ख्या लेखात एकही केनियन माणूस बोलत नाही. ज्यांच्या नावावर पैसे जमले, त्यांना एक फोन तरी करायचा!

शिवाय ही म्हणे 'तरुणांची नवी लाट'. १८०६ साली अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजातले पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीआड बसून परदेशी मिशनच्याच गोष्टी करत होते. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. मायदेशाचं तोंड त्याने पुन्हा पाहिलं नाही. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेतल्याच माउंट हर्मनला एका शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी जायची तयारी लिहून दिली, त्यामागे धडपडणारा रॉबर्ट वाइल्डर तर जन्मला कोल्हापुरात, १८६३ साली. मराठी पुरवणीत निदान एवढं यायला हरकत नव्हती.

पण मी पत्र लिहायला बसले ते इतिहासासाठी नाही. लेखासोबत त्या पोरांच्या पत्रकाचा फोटो छापलाय, त्यात एक काळीसावळी मुलगी, डोळे मोठाले, खाली मदतीचं आवाहन. तो पाहून माझं डोकं फिरलं, कारण असलं पत्रक आमच्या वाट्याला येऊन गेलंय.

मी नगर जिल्ह्यात मुलींच्या एका बोर्डिंगमध्ये मेट्रन होते. आईबाप ऊसतोडीला गेले की मुली आमच्याकडे. हंगाम संपून पट्टा पडला की न्यायला येतात. एका वर्षी अमेरिकेतल्या एका चर्चची विद्यार्थ्यांची टोळी येणार होती. आधी त्यांचे दोन जण पाहणीला येऊन फोटो काढून गेले. काही महिन्यांनी डलासला असलेल्या माझ्या भाच्याने व्हॉट्सॅपवर एक पत्रक पाठवलं : "मावशी, हा आपला व्हरांडा ना?" व्हरांडा आमचाच. मुलगीही आमचीच, सहावीतली, लाल रिबिनी, हातात धुतलेलं ताट. खाली इंग्रजीत लिहिलेलं, हिला या जगात कोणी नाही, तुमच्या मदतीने आम्ही तिच्यापर्यंत पोचू.

फोटो काढला त्या दिवशी तिचा बाप फडावरचं काम बुडवून, खाडी करून, मुद्दाम आला होता. फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. फोटो काढताना तो तिच्या शेजारीच उभा होता. पत्रकात त्याला कापलाय, पण कापणाऱ्याचा हात नीट बसला नसावा : पोरीच्या खांद्यावर त्याची चार बोटं तशीच राहिली आहेत, कोयत्याने घट्टे पडलेली. अनाथ मुलीच्या खांद्यावर ही बोटं कुणाची, असं तिथल्या एकाही दात्याला विचारावंसं वाटलं नाही. पुढे कुणीतरी तो फोटो बापालाच मोबाइलवर दाखवला. तो मला म्हणाला, "बाई, म्या कवा मेलो?"

मी त्या चर्चला पत्र लिहिलं. उत्तर फार गोड होतं. डिझाइन एका स्वयंसेवक विद्यार्थ्याचं, हेतू शुद्ध, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करत आहोत. फोटो बदलला नाही. निधी जमत आला होता ना!

मग टोळी आली. एकसारखे टी-शर्ट, पाठ करून आणलेलं एक हिंदी गाणं आणि रंगीत मण्यांची कंकणं. काळा मणी पापाचा, लाल रक्ताचा, पांढरा शुद्धतेचा, असं ते समजावू लागले. एका मुलीने मला हळूच विचारलं, आईच्या मंगळसूत्रातले सगळेच पापाचे का? यांच्या महिनोन्‌महिने चाललेल्या तयारीत एवढं कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला हवी होती बोअरची मोटर. मिळाले टूथब्रशचे खोके. परदेशी देणगीचे नियम कडक आहेत, २०२० पासून तर ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावी लागते, हे मला ठाऊक आहे. पण टूरिस्ट व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही, हाही नियमच आहे. ते विमानात बसून गेले आणि चौकशीला पोलीस आले ते माझ्याकडे.

परदेशात पैसे मागण्यात मला कमीपणा वाटत नाही. पंडिता रमाबाईंनीही अमेरिकेत मागितले. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्यासाठी मंडळ निघालं, दहा वर्षं मदतीची हमी मिळाली, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पण तिथे बाई स्वतः उभ्या राहून बोलल्या. त्यांचा नुसता फोटो फिरवून कुणी पैसे आणले नाहीत.

जाता जाता आणखी एक. आम्ही मराठी ख्रिस्ती आपल्या अंकात दिसतो ते २५ डिसेंबरला, रोषणाईच्या फोटोत, शेजारी प्लम केकची कृती. देवाच्या कामाला पैसे कसे जमतात हेच छापायचं असेल तर आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, कापणीच्या सणाला वार्ताहर धाडा. उपासना झाली की भोपळा, अंडी, गावरान कोंबडा, सगळ्यांचा लिलाव होतो. बोली जिंकणारा वस्तू पुन्हा लिलावात ठेवतो आणि एकच भोपळा तीन-चारदा विकला जातो. त्यासाठी अमेरिकेतला लेखक गाठायला नको. एसटी थेट गावात येते.

— एक निवृत्त मेट्रन, जि. नगर