विनूच्या हाताच्या मुंग्यांबद्दल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल विनू बोलता बोलता म्हणाला, करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, आंबे काढायला झेला वर धरला की जास्तच. आई, तुला वाटतं हात अंगाखाली आला असेल. पण हे रोजचं झालंय, पेला धरतानाही पकड सैल पडते म्हणतो. म्हणून सविस्तर लिहितेय.

हा त्रास छातीच्या ऑपरेशनमुळे असू शकतो. त्याच्या छातीचा खड्डा वर उचलायला मधल्या हाडामागून जी वाकवलेली दांडी घातलीय, ती पद्धत अमेरिकेतल्या डॉ. डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये सुरू केली. वर्षानुवर्षं आत दबलेलं हाड ती एका दिवसात पुढे आणते. त्याबरोबर वरच्या बरगड्याही थोड्या हलतात. गळ्याजवळचं आडवं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. ती जागा आणखी आवळली, की नसा दबतात. हात वर नेला की दाब वाढतो. असं क्वचितच होतं, पण डॉक्टरांना ते माहीत आहे.

छातीची कातडी बधिर लागते तो प्रकार वेगळा. दुखू नये म्हणून बरगड्यांच्या नसा ऑपरेशनमध्ये गोठवल्या होत्या, तिथली जाणीव हळूहळू परत येते. हातातल्या मुंग्या मात्र त्यात धरू नका.

बाबा, मानेला झटका देऊन नस मोकळी करणाऱ्याकडे त्याला कृपा करून नेऊ नका. आई, तेल चोळून मालिशही नको. झेला, पेट्या, खांद्यावरची जड पिशवी, सगळं बंद. कलमांचं गडी बघतील.

मला खरी काळजी वेगळीच आहे. विहिरीवर सदरा न काढता अंघोळ करणारा आपला विनू, आता कुठे ताठ उभा राहायला लागलाय. दांडी एरवी तीनेक वर्षं ठेवतात. मुंग्यांचं सांगितलं तर ती आधीच काढतील आणि छाती पुन्हा आत जाईल, या भीतीने तो गप्प बसतोय, असं मला वाटतं. त्याला सांगा, दांडी काढावीच लागते असं नाही. पुष्कळदा खांद्याच्या व्यायामांनी भागतं. काहींची दांडी सरकवावी किंवा काढावी लागते, क्वचित पहिली बरगडीही. पण नस फार दिवस दबून राहिली तर हातातली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. छाती पुन्हा दुरुस्त करता येते, हाताचं तसं नाही.

मुंग्या नेमक्या केव्हा सुरू झाल्या ते त्याला विचारून लिहून ठेवा. ऑपरेशनच्या वेळी हात ताणला गेला, तरी असं होतं. पण तेव्हा त्रास लगेच सुरू होतो. डॉक्टर हे पहिलं विचारतील. हात पांढरा-निळा पडला, गार झाला, सुजला, किंवा छातीत दुखून दम लागला, तर माझ्या फोनची वाट न बघता तडक कणकवलीला दवाखान्यात न्या आणि आत दांडी आहे हे आधी सांगा.

नाहीतर या आठवड्यातच कोकणकन्येने त्याला घेऊन या. तिकिटं मी काढते. बाबा, तुम्ही बरोबर या. आई, तुझं मन राहत नसेल तर तूही ये. फाईल, एक्स-रे आणि दांडीचं कार्ड विसरू नका. डॉक्टरांची वेळ आजच घेते.

तुमची,
सुमी