डमीच्या पाठीमागचे चिमटे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी आली की नाशकात मेनरोडपासून शालिमारपर्यंत कपड्यांच्या दुकानादुकानाबाहेर डमी, म्हणजे कपडे घातलेले पुतळे, उभ्या राहतात, त्यातल्या दोन माझ्या दुकानाच्या, म्हणून हे पत्र. बायकांची नेहमीची तक्रार की डमीवर दिसतं तसं अंगावर बसत नाही, आणि खरं सांगू का, तक्रार रास्त आहे. एकदा डमीच्या मागं जाऊन बघा, पाठीवर चार-पाच चिमटे, कमरेला टाचण्या, समोरून मात्र फिटिंग एकदम टकाटक!

लेडीज डमी येते ती साधारण ३४-२४-३४ (छाती-कंबर-नितंब, इंचात) च्या आसपास, उंची जवळपास पावणेसहा फूट. आता माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपतो एक्सएल, त्याखालोखाल डबल एक्सएल. मग तोच माल त्या काटकुळीला घालायचा म्हटलं की चिमटे आलेच. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. गेल्या वर्षी पंचवटीतल्या एक मावशी अडून बसल्या, डमीवरचीच कुर्ती द्या, मी चिमटे काढले आणि कुर्तीचा झाला झगा. मावशी हसून म्हणाल्या, "अहो दादा, हिलापण होत नाही की ही!" काय बोलणार.

मग भरल्या अंगाची एक डमी मागवली. डीलर म्हणाला कोण घेतंय असली, आणि महागही पडली, पण आता तिच्या मनगटाला साईजची चिठ्ठी बांधतो आणि चिमटा एकही लावत नाही. बायका दारातूनच चिठ्ठी वाचून आत येतात, ट्रायलला चार-चार पीस काढावे लागत नाहीत.

नवीन दुकान टाकणाऱ्यांना एवढंच सांगतो, डमीला उभं धरणारा रॉड कुठं बसतो ते आधी बघा. पोटरीत बसत असेल तर लेगिंगला भोक पाडावं लागतं (मी पाडलंय, दोन पीस गेले), तळपायात बसणारी घ्या. फायबरची जड असते, पडली तर बोटं तुटतात पण रेझिन भरून रंग मारला की पुन्हा उभी. प्लास्टिकची स्वस्त आणि हलकी, पण बाहेर ठेवली की वाऱ्यानं आडवी, आणि फुटली की सरळ भंगारात. बिनडोक्याची घेतली तर विग विंचरायचं कामच नाही.

आणि साडीवाल्यांनाही हात जोडून विनंती, येवल्याची पैठणी तरी टाचण्यांनी ठोकून लावू नका हो. पावसाळ्यात टाचणी गंजते, डाग रेशमात उतरतो, आणि तीच साडी नंतर घडी घालून कुणाच्या तरी लग्नाच्या बस्त्यात जाते.

आपला,
एक कपडे दुकानदार, मेनरोड, नाशिक