मास्टची उंची आधी बघा

संपादक महोदय,

अमेरिकेच्या इंट्राकोस्टल वॉटरवेवरचा (किनाऱ्यालगत आतून जाणारा बोटींचा जलमार्ग) लेख वाचला, मस्त आहे पण शिडाच्या बोटवाल्यांची खरी डोकेदुखी त्यात आलीच नाही. व्हर्जिनियातल्या नॉर्फोकहून दक्षिणेला निघालं की पक्के (न उघडणारे) पूल पाण्यापासून साधारण ६५ फूट उंचीचे, मायामीतला एक तर ५६च, म्हणजे मास्ट (शिडाची डोलकाठी) त्याहून उंच असेल तर सरळ बाहेर समुद्रात जायचं, दुसरा इलाज नाही. आणि शीड कसलं, अरुंद कालव्यात बहुतेक वेळ इंजिनच चालतं, त्यात वाळू साचून चॅनेल उथळ होतं ते वेगळंच. याच मार्गावरचा डिस्मल स्वॅम्प कालवा मात्र (१८०५ चा आहे बरं का!) सावकाश बघावा, झाडापाल्याच्या टॅनिनने पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, पुढे एलिझाबेथ सिटीत मुक्काम टाकावा.

एक वाचक