अप्पांच्या पेटीतला कापूस

ठाणे, मंगळवार
रात्रीचे साडेअकरा

प्रिय वश्या,

रविवारी तुझ्या अप्पांच्या डाव्या स्पीकरची पाठ उघडली. आत कापूस आहे. आपला कापूस! काकूंच्या फाटलेल्या गादीतून आपण दोघांनी चोरून काढलेला, आणि नंतर अप्पांनीच मांडी घालून आपल्याकडून पेटीत भरून घेतलेला. आतल्या फळीवर पेन्सिलने त्यांच्या अक्षरात लिहिलंय, ‘८ ओहम. ६.८ मायक्रोफॅरड. दिवाळी १९८६. कापूस पोरांनी भरला आहे, काढू नये.’

मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच जमिनीवर बसून राहिलो. मंजूने दोनदा विचारलं काय झालं, तिला नीट सांगता आलं नाही. तुला सांगायची गरज नाही.

गणपतीपासून तुला फोन करीन म्हणतोय आणि दिवाळीही होऊन गेली. न करण्याचं कारण हेच होतं. चरईचं तुमचं घर पाडायला दिलं तेव्हा तू म्हणालास, ‘स्पीकर नाशिकला न्यायला नकोत, तुझ्याकडे वाजतील.’ आणि माझ्याकडे ते नीट वाजत नव्हते. वर्षभर. घोडबंदर रोडच्या या हॉलमध्ये डग्गा वाजला की भिंत वाजल्यासारखी वाटायची, तानपुरा कुठे गेला ते कळायचं नाही, आणि मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तबकडीत बोलांतला प्रत्येक ‘स’ कानात टोचायचा. तुला काय तोंडाने सांगणार होतो?

(तीच तबकडी, जिच्या कव्हरवर तू चहाच्या कपाचं वर्तुळ उमटवून परत दिलीस. वर्तुळ अजून आहे. मंजूला वाटायचं ते छापलेलंच आहे.)

आधी ॲम्प्लिफायरवर संशय घेतला. साठ हजार बाजूला काढले आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. एका दुकानदाराने शंभर वॅटचा ॲम्प काढून ठेवला, म्हणाला, जुन्या स्पीकरना ताकद लागते. घरी येऊन वहीवर मांडलं. माझा ॲम्प चाळीस वॅटचा. चाळीसाचे शंभर केले तर आवाज वाढणार फक्त ४ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल हवेत, म्हणजे दहापट वॅट, चारशे! आणि रात्री शेजाऱ्यांना त्रास न देता मी जेवढं ऐकतो त्याला एक वॅटसुद्धा पुरा लागत नाही. आपण कॉलेजच्या कट्ट्यावर ज्या वॅटवरून घसे कोरडे केले ते आठवून वाटलं, तेव्हा कोणीतरी हे गणित फळ्यावर मांडायला हवं होतं. शिवाय त्या ॲम्पला टर्नटेबलसाठी फोनोची जागाच नाही. सुईतून येतात पाचेक मिलिव्होल्ट, सीडी प्लेअर देतो दोन व्होल्ट. बरं, नुसतं वाढवून भागत नाही. तबकडी कोरताना खर्ज कमी करून आणि तार स्वर चढवून कोरलेले असतात, ते फोनोच्या टप्प्यावर उलट करून सरळ करावे लागतात. म्हणजे आणखी एक डबा, आणखी पैसे.

पैसे परत बँकेत ठेवले. सुई मात्र बदलली. जुनी झिजलीच होती, आणि झिजलेली सुई ‘स’वरच आधी उघडी पडते. टोचणं निम्म्याने कमी झालं. डग्गा तसाच.

मग खोलीकडे पाहिलं. हॉल दहा फूट रुंद. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींत साधारण ५६ हर्ट्झची अर्धी लाट नेमकी बसते. डग्ग्याचा ‘घे’ तिच्या जवळ उतरला की खोली तो धरून ठेवते, सोडत नाही. भिंतीला टेकून बसलं की घूम सगळ्यात जास्त, बरोबर मधे बसलं की ती जवळजवळ नाहीशी. आणि मी स्पीकर ठेवले होते कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, सोफा समोरच्या भिंतीला! खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला सरकत्या काचा.

आठव ती चरईची माडी. कौलं, लाकडी तक्तपोशी, रचलेल्या गाद्या, काकूंच्या गोधड्यांची ट्रंक, अप्पांच्या मासिकांचे गठ्ठे. एक भिंत धड सपाट नव्हती. आपण म्हणायचो अप्पांच्या हातात जादू आहे. हात होताच, पण ती माडीही त्यांच्याबरोबर काम करत होती.

शनिवारी रात्री मंजू झोपल्यावर स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढले, सोफा दोन फूट पुढे घेतला, सतरंजी पसरली आणि काचांवर जाड पडदे ओढले. आठ आण्याचा खर्च नाही. मन्सूर लावले. वश्या, तानपुरा आला! जवारीच्या झंकारासकट. दोन तानांच्या मधे घेतलेला श्वास आला. तुझ्या माडीवर पाऊस पडत असताना यायचा तसा. मी उठून दिवा घालवला आणि बाजू संपेपर्यंत तसाच बसलो.

पण उजवीकडून येणारा खर्ज डावीकडे नव्हता. म्हणून रविवारी स्पीकरवरची जाळी काढली. डाव्या वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या, कोनाभोवतीची फोमची कड बोट लावताच भुकटी होऊन हातात आली. आपल्या हवेत फोम टिकत नाही. अप्पांनी एकदा बदललेली, ही दुसरी. उजवी अजून तग धरून आहे, पण तडे तिलाही आहेत.

आता खरा प्रश्न, ज्यासाठी एवढं लिहिलं. दुरुस्तीवाला म्हणतो, रबरी कड लावतो, आयुष्यभर बघायला नको. पण रबर फोमपेक्षा जड आणि ताठ. त्याने कोनाची स्वतःची कंपनसंख्या बदलणार, म्हणजे अप्पांनी ज्या मापाची पेटी त्या वूफरसाठी बांधली ते माप चुकणार. फोमच लावला तर पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा हेच. मुलगा म्हणतो, बाबा, नवी जोडी घ्या ना, त्या साठ हजारांत छान येईल. तो चुकीचं बोलत नाही. त्या पैशांत खरोखर चांगले स्पीकर येतात आणि तेच सगळ्यात मोठा फरक पाडतात. ॲम्प बदलून आवाज तितका बदलत नाही. दुसऱ्या कोणी सल्ला मागितला असता तर मीही हेच सांगितलं असतं.

मला फोमच लावायचाय. ट्वीटरचा, म्हणजे तार स्वरांच्या छोट्या स्पीकरचा, ६.८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तेवढा नवा घालतो, त्याच मापाचा. जुना चाळीस वर्षांत सुकला असणार. कॉइल अप्पांनी हाताने गुंडाळलेली, तिला हात लावणार नाही.

आणि पेटीला पुढून भोक पाडायचं की नाही यावरून तू आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास ना? भोकाच्या पेटीतून खर्ज जास्त खाली जातो हे तुझं खरंच होतं. पण एकदा घसरला की सप्तकामागे २४ डेसिबलने घसरतो, बंद पेटीत १२ने, सावकाश. अप्पांना डग्गा आखूड, घट्ट हवा होता. कापूस भरला की वूफरला पेटी असते त्याहून मोठी वाटते, म्हणून तो कापूस. तेव्हा त्यांनी हे सांगितलं असणार. आपलं लक्ष फराळाच्या डब्याकडे होतं.

माझी शुगर आटोक्यात, गुडघा तसाच. मुक्ताच्या व्हिसाचं झालं का? वहिनींच्या आईचं ऑपरेशन कसं झालं तेही कळव, विचारायचं राहूनच गेलं होतं. निवृत्तीच्या कागदांसाठी मुंबईला येशील तेव्हा लॉजवर उतरू नकोस, सरळ इकडे ये.

कोन शनिवारी द्यायचेत. स्पीकर तुझ्या वडिलांचे आहेत, तेव्हा फोम की रबर हे तू सांगायचंस. शुक्रवारपर्यंत फोन कर, रात्री कितीही वाजता. कापूस काढलेला नाही, एक पुंजकाही नाही. झाकण परत बसवण्याआधी त्या पेन्सिलच्या ओळीचा फोटो काढलाय, सोबत पाठवतो.

तुझा,
नंदू