तांबूची वही आणि तुम्ही

प्रिय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या दिवशी दवाखान्यात एवढी माणसं होती, कुणी गाय घेऊन, कुणी शेळी घेऊन, कुणी नुसताच नारळ घेऊन, की मला धड बोलताच आलं नाही. हातात आगळाची बाटली दिली आणि निघून आले. राहिलेलं आता लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. घरातल्या कुत्र्याला पहिल्यांदा फिट येते तेव्हा पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि आमच्या देवगडकडच्या वाड्यांमध्ये अशा वेळी विचारायला सहसा कुणी नसतं. मला तुम्ही होतात.

तो जानेवारीतला दिवस. कलमं मोहोरलेली, आदल्या दिवशी ह्यांनी बागेत फवारणी केलेली. पहाटे पायरीच्या चिऱ्यावर नखं घासल्याचा आवाज आला म्हणून दार उघडलं. तांबू आडवा पडला होता. मान मागे ताणलेली, चारही पाय पाण्यात पोहावं तसे चालत होते, जबडा कचाकच वाजत होता, तोंडाला फेस आणि खाली लघवीचं थारोळं. डोळे उघडे होते, पण मी हाक मारली तरी बुबुळ हललं नाही. सासूबाई मागून "ह्याका काय झाला गो?" म्हणत रडायला लागल्या. शेजारचे आले ते गडग्यापलीकडेच थांबले. "पिसाळलो तो! जवळ जाव नको." एकाने दांडका उचललं, दुसऱ्याने कांदा फोडून आणला. आणि मी, जीभ घशात अडकते असं लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून त्याच्या तोंडात हात घातला. अंगठ्यात दोन दात रुतले. त्याला ते कळलंही नाही.

वाडीत लाळ्या खुरकूतच्या लसीकरणाला तुम्ही नऊ वाजता येणार होतात, हे आमचं नशीब. तोवर तांबू उठला होता, लडखडत होता, भिंतीला धडकत होता आणि भाकरी मागत होता. तुम्ही आधी माझा अंगठा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला लावलात आणि आरोग्य केंद्रात इंजेक्शनं घ्यायला पाठवलंत. मग त्याचं रेबीजच्या लसीचं कार्ड मागितलंत. ते मिळाल्यावर गडग्यापलीकडच्या मंडळींना जवळ बोलावून सांगितलंत, की हे लक्षण पिसाळल्याचं दिसत नाही, तरी दहा दिवस बांधून ठेवू, कुणी त्याला हात लावायचा नाही आणि दांडकंही नाही. दहाव्या दिवशी तुम्ही परत आलात आणि सगळ्या वाडीच्या देखत खळ्यात त्याच्याशेजारी मांडी घालून बसलात. त्या दिवशी नुसतं तेवढं बसून तुम्ही तांबूचा जीव वाचवलात.

फवारणीचंही तुम्ही सोडलं नाहीत. औषधाचा रिकामा डबा बागेतून आणायला लावलात, वाचलात, उलटी, जुलाब, सतत लाळ, बारीक झालेली बुबुळं असं काही दिसलं होतं का ते विचारलंत. रक्तातली साखर, कॅल्शियम, लिव्हर, किडनी तपासायला पाठवलंत. सगळं नीट आलं. वय तीन वर्षं, दोन झटक्यांच्या मधे कुत्रा ठणठणीत, तपासण्या स्वच्छ, तेव्हा हा अपस्मारच, असं तुम्ही सांगितलंत. सहा महिने ते सहा वर्षं या वयात तो बहुतेक वेळा सुरू होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कुत्र्यालाही माणसासारखं फेफरं येतं, हेसुद्धा.

मधल्या काळात आम्ही एका ठिकाणी दुसरं मत घ्यायला गेलो होतो. तिथे पाच मिनिटांत सांगण्यात आलं की गावठी कुत्रा आहे, कशाला जीव आटवता, इंजेक्शन देऊन मोकळं करा. परत येताना गाडीत हे एक शब्द बोलले नाहीत. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणालात, "हा आजार जाणार नाही, हे मी आधीच सांगते. पण तांबू जगेल आणि चांगला जगेल. त्यातलं थोडं काम माझं, बरंचसं तुमचं." मॅडम, त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. बरा होईल असं गोड बोलणारे पुष्कळ भेटले, मारून टाका म्हणणारेही भेटले. काम वाटून देणाऱ्या तुम्हीच.

आणि मग ती वही. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, तुम्ही स्वतः नाक्यावरच्या दुकानातून आणलीत आणि पहिल्या पानावर रकाने आखून दिलेत. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय करत होता, नंतर किती वेळाने ओळखलं, त्या दिवशी काय खाल्लं. सासूबाईंचं म्हणणं होतं की अमावास्या-पौर्णिमेलाच होतं, देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. तुम्ही हसला नाहीत. "आजी, गाऱ्हाणं घाला, आणि तिथीचाही रकाना करू," म्हणालात. वर्षभराने त्यांनीच मोजलं. चौदा झटके, त्यातले अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपास दोन. त्यांनी स्वतःच तो रकाना पुसायला सांगितला. गाऱ्हाणं मात्र अजून घालतात, आणि मला ते बरं वाटतं.

दुसरा झटका चोवीस दिवसांनी आला, मार्चमध्ये एकाच रात्रीत दोन, आणि गोळी सुरू झाली. फेनोबार्बिटोन, तीस मिलिग्रॅमची दीड गोळी सकाळी सातला आणि रात्री सातला. (वाचणाऱ्यांनो, हे आमच्या अठरा किलोच्या तांबूचं माप आहे. तुमच्या कुत्र्याचं तुमचे डॉक्टर ठरवतील.) माणसांचं औषध कुत्र्याला कसं, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही त्यांना १९१२ सालची गोष्ट सांगितलीत, एका जर्मन डॉक्टरच्या लक्षात आलं की झोपेसाठी दिलेल्या या औषधाने फिट येणाऱ्या माणसांचे झटके कमी होतात. मेडिकलमध्ये पेशंटचं नाव विचारलं की मी "तांबू" सांगते. आता तो मुलगा नाव न विचारताच चिठ्ठी मागतो.

पहिले पंधरा दिवस कसे जातील ते तुम्ही आधी सांगितलं नसतंत, तर मी गोळी बंदच केली असती. मागचे पाय दारू प्याल्यासारखे जात, बादलीभर पाणी पिई, पडवीत रात्री दोन-तीनदा ओलं करी आणि भूक तर अशी, की एकदा गरम भाकऱ्यांची चळतच पळवली. "औषध रक्तात स्थिरावायला दोन आठवडे लागतात, तोवर सोसा, आणि गोळी अचानक कधीही थांबवायची नाही," हे तुमचं वाक्य मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. पहिल्या चतुर्थीला मुंबईहून पंधरा माणसं आली, त्या गडबडीत संध्याकाळची गोळी चुकली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आरती चालू असताना तांबू कोसळला. तेव्हापासून घरातल्या तिन्ही फोनवर सातचा गजर आहे. हे बागेत असले तरी तिथून ओरडतात, "गोळी!"

तरी महिन्याला एखादा झटका येतच राहिला. रक्तातलं औषधाचं प्रमाण बघून तुम्ही नोव्हेंबरात पोटॅशियम ब्रोमाइड जोडलंत. ते मुलाने मुंबईहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं. त्याचा परिणाम पुरता दिसायला तीन महिने लागतील म्हणालात, आणि खरंच फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत वहीचं पान कोरं राहिलं. मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

मग जून आला. वहीत पुन्हा एक, मग तीन, मग जुलैची ती रात्र.

लाइट गेलेली, पाऊस असा की कौलांखाली बोललेलं ऐकू येत नव्हतं. पावणेदोनला सुरू झालं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे तोंडाजवळ गेले नाही, डोक्याखाली गोधडी सरकवली, पायरीपासून ओढून लांब घेतलं, हे विजेरी धरून घड्याळाकडे बघत राहिले. "दोन मिनिटं. तीन." एरवी दीड मिनिटात थांबणारा झटका थांबेना. पाच मिनिटं झाली की वाट बघायची नाही, हे पाठ होतं. डायझेपामच्या काचेच्या कुप्या डब्यात अंधारात ठेवल्या होत्या, सिरिंजमध्ये आधीपासून भरून ठेवायचं नाही कारण प्लॅस्टिक औषध शोषून घेतं, हेही तुम्हीच सांगितलेलं. कुपीची मान मोडताना माझं बोट कापलं. औषध ओढलं, सुई काढली, मऊ नळी लावली, शेपटी उचलून तुम्ही लिहून दिलेलं माप आत सोडलं. हात थरथरत होते, पण पुढचं पाऊल काय ते हातांना माहीत होतं. आठव्या मिनिटाला पाय संथ झाले. अंग तव्यासारखं तापलं होतं, म्हणून पंजे आणि कान ओल्या फडक्याने पुसत बसले. हे छत्री घेऊन गडग्यावर चढले, तिथेच रेंज येते, आणि तुम्ही दुसऱ्या रिंगला फोन उचललात. रात्री दोन वाजता, दुसऱ्या रिंगला.

त्यानंतर तास-दीड तास तो घरातून गोल गोल फिरत राहिला, दिसत नसल्यासारखा, आम्हाला न ओळखता. मागे विहीर असल्यामुळे आम्ही दोन्ही दारं लावून घेतली होती. साडेतीनच्या सुमारास तो माझ्या पावलाशी आला, बराच वेळ वास घेत राहिला, मग त्यावर डोकं टेकलं. तुमचा पुन्हा फोन आला. तांबूची चौकशी झाल्यावर विचारलंत, "आणि तुम्ही काही खाल्लंत का?" तोवर मी रडले नव्हते.

दोन दिवसांनी तुम्ही भर पावसात आलात आणि वही मागितलीत. झटक्यांकडे तुम्ही फारसं बघितलं नाहीत, खाण्याचा रकाना बोटाने वाचत गेलात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजं मासं नाही, त्यामुळे घरात आमच्यासारखंच त्यालाही सुकं. सुकट, खारा बांगडा, पुन्हा सुकट. सासूबाईंनी लगेच कबूल केलं, "मियाच दितंय. आजारी आसा म्हणान मायेन दितंय." त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. तुम्ही त्यांच्याजवळ बसून समजावलंत, की किडनीला मीठ आणि हे ब्रोमाइड यांतला फरक कळत नाही. मीठ जास्त गेलं की ती दोन्ही बाहेर टाकते, आणि रक्तातलं औषध उतरतं. मीठ एकदम तोडायचंही नाही, कारण मग औषध चढतं. रोज सारखं, एवढंच. आणि म्हणालात, "आजी, तुम्ही रोज खरं सांगितलंत म्हणून वहीत आलं, म्हणून मला सापडलं." त्या दिवसापासून तांबूचं जेवण सासूबाईंच्या ताब्यात आहे. बिनमिठाचा भात, उकडलेलं अंडं नाहीतर कोंबडीचं मांस, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दम, "खारां घालू नको, औषध मिठाबरोबर व्हावान जाता."

गोचिडांच्या गोळीचंही असंच. मुलगा कौतुकाने महागडी गोळी घेऊन आला होता. तुम्ही पाकिटावरचं नाव वाचून बाजूला ठेवलीत. त्या जातीच्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना झटके येतात असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला होता, ज्याला आधीच फिट येते त्याच्यासाठी ती जोखीम नको, म्हणालात. आता मी रोज संध्याकाळी चिमटा घेऊन बसते. त्याला ते आवडतं, कान पुढे करतो.

सोपं नाही, हे खोटं कशाला बोलू? आम्ही दोघं एकत्र मुक्कामाला कुठे गेलेलो नाही. भाचीच्या लग्नाला मी हळदीला जाऊन रात्री परतले. रात्री मांजराने भांडं पाडलं तरी उठून बसते. हे सगळं तुम्हाला सांगता यायचं, आणि तुम्ही "सवय होईल" असं कधी म्हणाला नाहीत. दर वेळी काहीतरी हलकं करून गेलात. पडवीला फळी लावा म्हणजे रात्री पायरीवरून पडायची भीती नाही, हे तुमचंच. त्या फळीने मला किती झोप मिळाली ते तुम्हाला माहीत नसेल.

आज शहाण्णव दिवस झाले, पान कोरं आहे. या वेळी मी कुणाला सांगत सुटलेले नाही, तुम्हालाच सांगते आहे. तांबू आत्ता खळ्यात रातांब्याच्या सालींजवळ पडला आहे, कावळे हाकलण्याचं काम त्याने आपणहून घेतलं आहे.

तुमच्या जागी आलेल्या सरांना वही दाखवली. त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि विचारलं, हे रकाने कुणी आखले?

तुमची,
तांबूच्या घरची

ता. क. सहामाही रक्ततपासणी पुढच्या महिन्यात आहे. लिव्हरचे आकडे आले की कळवते. आगळ संपलं की तुम्हीही कळवा, कंडक्टर तोच आहे.