तू शिक्षिका होणार म्हणतेस तर

प्रिय वैशाली,

तुझं पत्र वाचून खूप आनंद झाला. ग्रीन कार्ड झालं, मुलं मोठी झाली, आता अमेरिकेत प्राथमिक शाळेत शिकवायचंय. छानच! पण ‘लहान मुलांना तर शिकवायचं, त्यात कॉलेजात पुन्हा काय शिकायचं’ हे तुझं वाक्य मात्र मला पटलं नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी कंटाळवाणा भाग उरकते. इथे शिक्षकाचं लायसन्स राज्य देतं, त्यामुळे नियम राज्यागणिक बदलतात. बॅचलर्स पदवी मात्र सगळीकडे लागते. तुझी बी.कॉम. तीन वर्षांची. परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या काही संस्था तिला पूर्ण पदवी मानतात, तर काही ‘तीन वर्षांचा अभ्यास’ एवढंच लिहून देतात. म्हणून पैसे भरण्याआधी राज्याच्या शिक्षण खात्याला विचार, की कोणत्या संस्थेचा अहवाल चालेल, आणि अहवाल विषयवार मागव. त्यात तुझी भोकंही दिसतील. वाणिज्यवाल्यांना विज्ञान आणि अमेरिकेचा इतिहास बहुधा नव्याने घ्यावा लागतो. ॲरिझोनात तर देशाच्या आणि राज्याच्या, दोन्ही राज्यघटनांचा अभ्यास दाखवावा लागतो. पदवी मान्य झाली की पुन्हा चार वर्षं घालवायची नाहीत. पदवीधरांसाठीचा लायसन्सचा कोर्स किंवा शिक्षणातली मास्टर्स घ्यायची.

आता खरा अभ्यास. बालविकास, शैक्षणिक मानसशास्त्र हे विषय तुला आवडतील, वाचून पासही होशील. घाम फुटतो तो ‘मेथड्स’च्या, म्हणजे एकेक विषय कसा शिकवायचा याच्या कोर्समध्ये. गणिताचंच घे. पावणेदोन भागिले अर्धा किती? साडेतीन, तू झोपेतही सांगशील. आता यावर एक शाब्दिक उदाहरण रच बघू. बहुतेक जण म्हणतात, ‘पावणेदोन केक दोघांत वाटले.’ पण ते दोनने भागणं झालं, अर्ध्याने नव्हे! पावणेदोन मीटर रिबिनीचे अर्ध्या मीटरचे तुकडे किती, हे खरं उदाहरण. तीन तुकडे होतात आणि पाव मीटर उरते. इथे हुशार मूल ‘सव्वातीन’ म्हणतं. ते तसं का म्हणालं हे तुला तिथल्या तिथे कळायला हवं. उरलेली रिबीन पाव मीटर खरी, पण ती अर्धा तुकडा आहे. ‘दुसरा अपूर्णांक उलटा कर आणि गुण’ एवढ्यावर आपण दहावी झालो, पण शिकवायला ते पुरत नाही.

वाचन शिकवणं त्याहून अवघड. आपण बाराखडी पाठ केली आणि वाचू लागलो. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४. शब्द कानाने सुटे ध्वनी करून ऐकणं, मग ध्वनी आणि अक्षर यांची सांगड, ओघ, शब्दसंग्रह, आकलन, हे पाच खांब नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली मांडले, आणि वाचनाचा चांगला कोर्स त्यांवरच उभा असतो. ‘चित्र बघ आणि शब्द ओळख’ ही जुनी पद्धत काही राज्यांनी आता कायद्याने बंद केली आहे. कॉलेज निवडताना वाचनाच्या कोर्सचा आराखडा मागून बघ. त्यात फोनिक्स, म्हणजे ती ध्वनी-अक्षरांची सांगड, नावापुरतं असेल, तर ते कॉलेज सोड.

विशेष गरजा असलेल्या मुलांवरचा कोर्स टाळता येत नाही, आणि टाळूही नये. १९७५च्या कायद्याने अशा मुलांना सरकारी शाळेत मोफत, योग्य शिक्षणाचा हक्क मिळाला. मूल साध्या वर्गात बसत असेल, तर त्याची आयईपी, म्हणजे त्याच्यापुरती शिक्षणाची लेखी योजना, ठरवायच्या बैठकीला साध्या वर्गाचा शिक्षकही लागतो. म्हणजे तूही तिथे असशील, पालकांच्या समोर.

परीक्षांचं फार मनावर घेऊ नकोस. लायसन्ससाठी बऱ्याच राज्यांत प्रॅक्सिस नावाची परीक्षा आहे, टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या आपापल्या आहेत. वर्गात शिकवतानाचा व्हिडिओ पाठवायची ‘एडटीपीए’ वॉशिंग्टन, जॉर्जिया, न्यूयॉर्कने आवश्यक यादीतून काढली, तुमच्याकडे आहे का ते बघून घे.

पैशाचा विचार कर तो स्टुडंट टीचिंगचा, म्हणजे अनुभवी शिक्षकाच्या वर्गात सराव करण्याचा. साधारण एक सेमिस्टर, रोज पूर्ण वेळ शाळेत, आणि बहुतेक ठिकाणी बिनपगारी. त्याआधी बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी. सोबत नोकरी जमत नाही, म्हणून घरखर्चाचं भावजींशी आत्ताच बोलून ठेव. झटपट मार्गाने थेट वर्ग हाती देणारे कार्यक्रमही आहेत, पगार पहिल्या दिवसापासून. मला विचारशील तर नको. पहिलीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शेजारी अनुभवी बाई हवीच, नाहीतर मुलं तुला खिशात घालून फिरतील.

आणि हो, भावजींच्या बदलीचं नक्की झालं का? राज्याराज्यांत लायसन्स मान्य करण्याचे करार आहेत, पण नवं राज्य वरून एखादी परीक्षा किंवा कोर्स मागू शकतं. बदली होणार असेल, तर जिथे जाणार तिथलाच कोर्स धर.

मूल्यांकनाचा अहवाल आला की मला पाठव, आपण फोनवर ओळीने बघू. मुलांना गोड पापा.

तुझी,
माधवी